डिलिव्हरी फी आम्ही भरली, मग रायडरच्या हातात एवढेच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, दोन शाळकरी मुलं. आठवड्यातून तीन-चारदा रात्रीचं जेवण अ‍ॅपवरून येतं. परवा बाईंनी पहिल्यांदाच बिल उघडून नीट वाचलं. पदार्थांच्या किमतीखाली डिलिव्हरी फी, सर्व्हिस फी, छोट्या ऑर्डरची फी आणि पॅकिंग अशा चार ओळी होत्या. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी लिफ्टपाशी सहज विचारलं, "यातले तुला किती मिळतात?" त्याने मोबाइल पुढे केला. त्यावरचा आकडा त्या चार ओळींच्या बेरजेच्या निम्माही नव्हता. तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. नवऱ्याचं म्हणणं, ही उघड लूट आहे, अ‍ॅप काढून टाकू आणि हॉटेलातूनच आणू. मोठ्या मुलीचं म्हणणं, सगळ्यांनी असं केलं तर त्या मुलाचं कामच जाईल. बाई स्वतः पेचात आहेत: मेंबरशिप घेऊन डिलिव्हरी फुकट करून घ्यावी, टिप वाढवावी, की मागवणंच बंद करावं? त्यांच्याच शब्दांत: "मी लुटली जातेय की माझ्यामुळे दुसरा कुणी लुटला जातोय, हेच कळेनासं झालंय."

ताई, आधी त्या मोबाइलवरच्या आकड्याबद्दल बोलू. तो आकडा पाहून तुम्ही मनातल्या मनात वजाबाकी केलीत आणि उरलेले पैसे मधल्या मध्ये कुणीतरी खाल्ले असं धरून चाललात. तुमचा दोष नाही, त्या ओळीला नावच तसं दिलंय. पण डिलिव्हरी फी ही डिलिव्हरी करणाऱ्याची मजुरी नव्हे. गिऱ्हाईक त्या वेळी, त्या अंतराला, त्या पावसात किती देईल आणि किती मागितले की अ‍ॅप बंद करून झोपेल, याचा अंदाज घेऊन ती ठरते. रायडरचा पेआउट वेगळ्याच सूत्रातून निघतो: ऑर्डर उचलण्याचे ठरावीक पैसे, अंतराचे पैसे, काही ठिकाणी हॉटेलात थांबण्याचे थोडे पैसे, आणि त्या भागात त्या क्षणी किती रायडर मोकळे आहेत यानुसार वर-खाली. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले नाहीत. तुमची फी शून्य असली तरी त्याला पैसे मिळतात. तुमची फी दुप्पट झाली तरी त्याला तेवढेच मिळू शकतात.

मग त्याचे पैसे येतात कुठून? मोठा हिस्सा तुमच्या बिलात दिसतच नाही. तो हॉटेल देतं, कमिशनच्या रूपाने. अमेरिकेत डोअरडॅश या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपने २०२१ मध्ये हॉटेलांसाठी तीन उघड दर जाहीर केले: १५, २५ आणि ३० टक्के. जास्त टक्के दिले की जास्त लांबपर्यंत डिलिव्हरी आणि यादीत चांगली जागा. इतर अ‍ॅपचे दरही साधारण याच पट्ट्यात असतात, आणि यादीत वर दिसायला जाहिरातीचे पैसे वेगळे.

एक हिशोब मांडू. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, चलन कुठलंही धरा. अ‍ॅपवर पदार्थांची किंमत १००. तेच पदार्थ काउंटरवर ८७ ला मिळतात, कारण कमिशन भरून काढायला बरीच हॉटेलं अ‍ॅपवरचा मेन्यू महाग ठेवतात. डिलिव्हरी फी ८, सर्व्हिस फी ७. कर आणि टिप सोडून तुम्ही दिले ११५. कमिशन २५ टक्के, म्हणजे हॉटेलला पोचले ७५. अ‍ॅपच्या हाती आले २५ अधिक १५, एकूण ४०. त्यातले रायडरला २२. कार्ड किंवा ऑनलाइन पेमेंटचा खर्च ३. हरवलेली, सांडलेली, चुकलेली ऑर्डर, तिचा रिफंड, कूपन आणि तक्रार ऐकणारं कॉल सेंटर मिळून ६. उरले ९. त्यातून सर्व्हर, इंजिनिअर, जाहिरात आणि मग राहिला तर नफा.

या हिशोबात रायडरला मिळालेले २२ तुमच्या दोन्ही फींपेक्षा जास्त आहेत. तुमच्या त्या दिवशीच्या बिलात उलटं दिसलं, कारण ऑर्डर छोटी होती म्हणून फी चढली, आणि हॉटेल जवळ होतं म्हणून त्याचा पेआउट उतरला. दोन्ही एकाच बिलात घडलं आणि नेमकं तेच तुमच्या नजरेस पडलं.

तुमच्या यजमानांचा 'लूट' हा शब्द म्हणूनच मी जसाच्या तसा स्वीकारत नाही. डोअरडॅशचेच आकडे पाहा. कंपनी २०१३ ची, पण पहिलं पूर्ण नफ्याचं वर्ष उजाडलं २०२४. त्या वर्षी अ‍ॅपवरून कर, टिप, फी सगळं धरून सुमारे ८०.२ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी गेल्या. कंपनीचा महसूल १०.७२ अब्ज, आणि निव्वळ नफा १२.३ कोटी डॉलर. ऑर्डरी होत्या सुमारे २५८ कोटी. भागाकार केला तर एका ऑर्डरमागे नफा जेमतेम ५ सेंट. यावरून कंपनीची कीव करायला नको. नव्या शहरांत शिरायचं, जाहिरात करायची, मोठे पगार द्यायचे हे तिचे निर्णय आहेत आणि तेही याच पैशातून होतात. पण रायडरचे न मिळालेले पैसे एखाद्या तिजोरीत जसेच्या तसे पडलेत, तिजोरी फोडली की प्रश्न सुटेल, असंही नाही.

ते पैसे कुठे विरतात? माझ्या मते मेख वेळेत आहे.

त्या मुलाची तुमच्याकडची एक फेरी मिनिटांत मोजू. ऑर्डर स्वीकारून हॉटेलपर्यंत ६ मिनिटं. तिथे पार्सल तयार होईपर्यंत ९. तुमच्या इमारतीपर्यंत ११. गेट, वॉचमन, नकाशावर चुकीच्या जागी लावलेला पिन, लिफ्ट, न लागणारा फोन यांत ४. आणि पार्सल दिल्यावर पुढची ऑर्डर वाजेपर्यंत १०. एकूण ४०. यातली चाकं फिरली ती फक्त १७ मिनिटं. पेआउट २२, त्यातून पेट्रोल आणि गाडीची झीज ६ वजा केली तर राहिले १६. चाळीस मिनिटांना १६, म्हणजे तासाला २४.

आता हाच हिशोब जरा हलवून पाहा. तुम्ही पिन बरोबर लावला, फोन उचलला, खाली उतरून उभ्या राहिलात, आणि हॉटेलात एखाद-दोन मिनिटं कमी गेली. फेरी ३५ मिनिटांत झाली. त्याचा तासाचा दर २४ वरून २७ च्या वर जातो, कुणीही एक पैसा जास्त न देता. उलट, पुढची ऑर्डर आणखी १० मिनिटांनी आली तर फेरी ५० मिनिटांची होते आणि दर १९ वर येतो. पेआउटचा आकडा तिन्ही वेळा २२ च होता. म्हणून त्याच्या मोबाइलवर तुम्ही जे पाहिलंत ते अर्धवट चित्र होतं. प्रति ऑर्डर किती, यावरून रायडरची कमाई कळत नाही. तासाला किती ऑर्डरी आणि तासाला किती खर्च, यावरून कळते.

खर्चाच्या बाबतीत रायडर स्वतःही फसतात. पेट्रोल रोज भरावं लागतं म्हणून ते मोजलं जातं. टायर, ब्रेक, चेन, ऑइल हे महिन्या-दोन महिन्यांनी येतं, तेव्हा ते 'अचानक आलेला खर्च' वाटतं. गाडीची घसरलेली किंमत तर विकायला काढेपर्यंत दिसतच नाही. त्यात अ‍ॅप पैसे देतं ते बहुधा ऑर्डर स्वीकारल्यापासून तुमच्या दारापर्यंतच्या अंतराचे. तुमच्या दारापासून हॉटेलांच्या गर्दीत परत जायचं अंतर त्याच्या खिशातून. तुमच्या ओळखीत कुणी हे काम करत असेल तर एवढं जरूर सांगा: महिनाभर रोज ओडोमीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वहीत लिही, लॉगिनचे तास लिही, आणि महिन्याच्या शेवटी अ‍ॅपमधल्या किलोमीटरशी ताडून बघ. आणि खासगी वापराचा गाडीचा विमा डिलिव्हरीच्या कामात झालेला अपघात भरून देतो का, हे पॉलिसीत आधी वाच. बऱ्याच पॉलिसींत तो धंद्याचा वापर म्हणून नाकारला जातो.

इन्सेंटिव्हचंही तसंच. 'आज २५ ऑर्डरी पूर्ण करा, वर एवढे मिळवा' अशी पायरी असते. चोविसावर घड्याळ संपलं तर वरचे पैसे शून्य. रात्री उशिरा पाऊस असताना कुणी लांबची, तोट्याची ऑर्डर का घेतं, हे कोडं तिथे सुटतं. त्याला ती पंचविसावी हवी असते.

तर पुन्हा त्या शेवटच्या १० मिनिटांकडे, ऑर्डरची वाट बघण्याकडे. त्या वेळेचे पैसे कोण देतं? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. म्हणजे अ‍ॅपला हवे तितके रायडर रस्त्यावर उभे ठेवायला काहीच खर्च येत नाही. जितके जास्त मोकळे रायडर, तितकं तुमचं पार्सल लवकर, आणि तितकी प्रत्येकाची वाट पाहण्याची वेळ लांब. तुम्हाला अर्ध्या तासात जेवण मिळतं त्याची किंमत बिलातल्या कुठल्याही ओळीत नसते. ती कट्ट्यावर मोबाइल बघत बसलेल्या पाच जणांनी भरलेली असते.

हे मी नैतिक भाषेत सांगत नाहीये. न्यूयॉर्क शहराने नेमकी हीच गाठ धरली. डिसेंबर २०२३ पासून तिथे रायडरला तासाला किमान १७.९६ डॉलर देणं बंधनकारक झालं, आणि त्यात फेरीचाच नव्हे तर ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही धरला. एप्रिल २०२५ मध्ये तो दर २१.४४ डॉलर झाला. परिणाम काय झाला? वाट पाहणं फुकट राहिलं नाही, तसे अ‍ॅपनी हवं तेव्हा लॉगिन करायची मुभा आवळली. ऑर्डर देतानाच टिप विचारणारा पडदा मोठ्या अ‍ॅपनी ऑर्डरनंतर ढकलला. गिऱ्हाइकांच्या फी वाढल्या. ज्यांना काम मिळालं त्यांचा तासाचा दर सुधारला, पण लॉगिनसाठी रांग लागली.

कॅलिफोर्नियात २०२० च्या मतदानातून आलेल्या नियमात, 'प्रॉप २२' मध्ये, किमान वेतनाच्या १२० टक्के हमी आहे. ऐकायला न्यूयॉर्कपेक्षा उदार. पण ती फक्त ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतच्या वेळेची, वाट पाहण्याची नाही. आपल्या उदाहरणात ४० पैकी ३० मिनिटांचीच. १२० टक्क्यांचे तीन चतुर्थांश करा, ९० टक्के होतात. हमीच्या जाहिरातीत हा गुणाकार कुणी करून दाखवत नाही.

सिएटलने जानेवारी २०२४ पासून मिनिटाला ०.४४ आणि मैलाला ०.७४ डॉलर असा किमान दर लावला. लगेच डोअरडॅशने तिथल्या ऑर्डरींवर ४.९९ डॉलरची नवी फी बसवली आणि ऑर्डरी घटल्याचं सांगितलं. त्याआधी शिकागोत हॉटेलांच्या कमिशनला मर्यादा घातली तेव्हाही हेच झालं होतं: कमिशन कमी, आणि गिऱ्हाइकाच्या बिलात दीड डॉलरची 'शिकागो फी'. वड्याचं तेल वांग्यावर. तरी नियम करू नयेत असं मी म्हणत नाही. कुठला खर्च कुणाच्या माथी जातो ते निदान उघड्यावर येतं, ही नियमांची जमेची बाजू आहे. रायडरला नोकर मानायचं की स्वतंत्र कंत्राटदार, हा त्याहून मोठा वाद देशोदेशी वेगळ्या टप्प्यावर आहे. स्पेनने २०२१ मध्ये त्यांना नोकर मानणारा कायदा केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या तिथल्या अ‍ॅपच्या रायडरांबाबत उलटं ठरवलं. भारताच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायची तरतूद आहे. तुमच्या बिलातल्या फीचं नाव यापैकी कशानेच बदललं नाही.

आता मेंबरशिप. तुमच्या तीन पर्यायांत मला सगळ्यात कमी पसंत आहे तो हा. फुकट होते ती फक्त 'डिलिव्हरी फी' ही एक ओळ. सर्व्हिस फी राहते, थोडी कमी झाली तर झाली. मेन्यूतली १०० विरुद्ध ८७ ची तफावत तर राहतेच. डोअरडॅशच्या हॉटेलांसाठीच्या २०२१ च्या दरांत मेंबरांना फुकट डिलिव्हरी होती ती २५ आणि ३० टक्केवाल्या हॉटेलांतून, १५ टक्केवाल्यांतून नाही. म्हणजे तुमच्या फुकट डिलिव्हरीचा भार हॉटेल उचलतं आणि मेन्यूतून तुमच्याकडेच परत येतो. आणि खरा खर्च सवयीचा असतो: पैसे आधीच भरलेत म्हणून आठवड्याच्या तीन ऑर्डरी पाच होतात. घ्यायचीच असेल तर आधी मागच्या दोन महिन्यांची बिलं उघडा, फक्त 'डिलिव्हरी फी' या ओळीची बेरीज करा आणि मेंबरशिपच्या दोन महिन्यांच्या रकमेशी ताडा. बाकीच्या ओळी त्यात धरू नका. शिवाय कुठल्या किमान रकमेच्या वर आणि किती अंतरापर्यंत फुकट, हे बारीक अक्षरांत असतं तेही वाचा.

तुमच्या यजमानांचा 'थेट हॉटेलातून' हा पर्याय चांगला आहे, पण सरसकट नाही. कमिशन टक्केवारीत असतं आणि फेरीचा खर्च ठोक. आपल्या उदाहरणात १०० च्या ऑर्डरीवर कमिशन २५ आणि फेरी २२ ची. ठीक आहे. घरी पाहुणे आले आणि ३०० ची ऑर्डर दिली तर कमिशन ७५, फेरी तीच, फार तर २४ ची. हॉटेलचे पन्नासच्या वर पैसे एका फेरीच्या नावाखाली गेले, आणि तीन पिशव्या सांभाळत आलेल्या रायडरला दोन जास्त मिळाले. उलट ४० च्या ऑर्डरीवर कमिशन अवघं १०. फेरी २० ची. छोट्या ऑर्डरची फी लावली नाही तर अ‍ॅपचं त्यात हातचंच जातं. म्हणजे मोठ्या ऑर्डरी छोट्यांना पोसतात.

तेव्हा लोक करतात त्याच्या उलट करा. छोटं काही हवं आहे, बाहेर पडणं शक्य नाही, तेव्हा अ‍ॅप वापरा आणि फीबद्दल कुरकुर करू नका, ती बऱ्यापैकी रास्त आहे. चार जणांचं पूर्ण जेवण किंवा पाहुणे असतील तेव्हा हॉटेलला फोन लावा आणि घरातल्या कुणीतरी जाऊन आणा. काउंटरचा भाव विचारा. अ‍ॅपपेक्षा तो कमी असण्याची शक्यता बरीच आहे. फोन नंबर मात्र हॉटेलच्या पिशवीवरचा किंवा बिलावरचा घ्या. नेटवर शोधून मिळणारी 'हॉटेलची' लिंक कधीकधी कुठल्यातरी अ‍ॅपचंच मागचं दार निघते. हॉटेल स्वतःचा माणूस पाठवत असेल तर उत्तम, फक्त तो येईपर्यंत नकाशावर ठिपका सरकताना दिसणार नाही आणि चुकलं तर रिफंडचं बटण नसेल. अ‍ॅपच्या फीत ते बटणही धरलेलं असतं, हे विसरू नये.

टिपबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण इथे तुमच्या पैशाला सगळ्यात सरळ वाट आहे. नेहमी होती असं मात्र नाही. २०१९ पर्यंत डोअरडॅशची पद्धत अशी होती की ऑर्डरमागे ठरावीक रकमेची हमी, आणि गिऱ्हाइकाची टिप त्या हमीतच मोजायची. हमी ७ ची असेल आणि तुम्ही ३ टिप दिलीत तर कंपनीने स्वतःचे घालायचे ४. टिप नसती दिली तर कंपनीने ७ दिले असते. रायडरला दोन्ही वेळा ७ च. ओरड झाल्यावर पद्धत बदलली, आणि याच प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने न्यूयॉर्क राज्याशी १ कोटी ६७.५ लाख डॉलरची तडजोड केली. अ‍ॅमेझॉनची पार्सलं स्वतःच्या गाडीने पोचवणाऱ्या 'फ्लेक्स' ड्रायव्हरांच्या अडवलेल्या टिपांचे ६ कोटी १७ लाख डॉलर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने परत करायला लावले.

म्हणून माझी पसंती रोख टिपेला, हातात. सुटे नसतील तर अ‍ॅपमधून द्या, पण पार्सल मिळाल्यावर. याला एक अपवाद आहे. काही ठिकाणी टिपेसह रक्कम रायडरला ऑर्डर स्वीकारण्याआधीच दिसते. तिथे टिप ही बक्षीस राहत नाही, बोली होते. शून्य टिपेची लांबची ऑर्डर चार जण नाकारतात, पार्सल काउंटरवर थंड होतं आणि आपण हॉटेलवर चिडतो. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर थोडी आधी, उरलेली हातात. आधी मोठी टिप दाखवून नंतर काढून घेणारेही महाभाग असतात, तुम्ही त्यातल्या नाही म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि टिप बिलाच्या टक्क्यांत मोजू नका. महाग पदार्थाचं पार्सल स्वस्त पदार्थापेक्षा जड नसतं. अंतर, पाऊस, जिने आणि थांबायला लागलेला वेळ यावर मोजा. जवळच्या ऑर्डरीला एक ठरलेली रक्कम, लांबच्या किंवा पावसातल्या ऑर्डरीला तिच्या दुप्पट, इतका साधा नियम पुरतो.

राहिली मुलगी. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमचं एक घर थांबलं म्हणून कुणाचं काम जात नाही, पण पुष्कळ घरं एकदम थांबली तर आधी कंपनीला नव्हे, रायडरलाच झळ बसते: लॉगिन तितकेच, ऑर्डरी कमी, वाट पाहणं लांब. तेव्हा अपराधी वाटून मागवणं बंद करणं हा त्या मुलावर उपकार नाही. आपल्याला परवडत नाही म्हणून कमी करणं हा वेगळा आणि चोख निर्णय आहे. तो त्याच्या नावावर घेऊ नका.

घरी राहून करण्यासारख्या गोष्टी मात्र आहेत, आणि त्या टिपेपेक्षा स्वस्त आहेत. अ‍ॅपमधला तुमचा पिन आज एकदा झूम करून तपासा, तो बऱ्याचदा इमारतीच्या मागच्या रस्त्यावर पडलेला असतो. सूचनेच्या रकान्यात 'लवकर या' लिहिण्यापेक्षा 'दुसरं गेट, बी विंग, लिफ्ट डावीकडे' लिहा. ऑर्डर दिल्यावर फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. गर्दीच्या तासाआधी अर्धा तास ऑर्डर द्या. तेव्हा स्वयंपाकघर मोकळं असतं, फी बहुधा कमी असते आणि हॉटेलातली ती ९ मिनिटं ४ वर येतात. उशीर हॉटेलामुळे झाला असेल तर रायडरचं रेटिंग पाडू नका. हॉटेलचं रेटिंग वेगळ्या जागी द्यायचं असतं, आणि घाईत अंगठा नेमका चुकीच्या जागी पडतो. रायडरला मात्र कमी रेटिंगमुळे ऑर्डरी कमी येऊ शकतात, आयडीही बंद होऊ शकतो. एखादा पदार्थ आला नाही तर तक्रार 'पदार्थ कमी' अशी करा, 'ऑर्डर मिळाली नाही' अशी नको. दुसरीचा ठपका थेट आणणाऱ्यावर येतो, आणि पिशवी तर हॉटेलातूनच सीलबंद निघालेली असते.

वाचवलेली मिनिटं दर वेळी त्याच्या खिशात पैसे होऊन पडतीलच असं नाही, हेही सांगून ठेवतो. गर्दीच्या तासात पुढची ऑर्डर तयारच असते, तेव्हा पडतात. दुपारी चार वाजता तो ती मिनिटं झाडाखाली काढतो.

आणि पुढच्या वेळी लिफ्टपाशी विचारायचंच असेल तर "किती मिळाले?" हे विचारू नका. त्या प्रश्नाने त्यालाही अवघडल्यासारखं होतं आणि उत्तर अर्धवटच असतं. "हॉटेलात किती वेळ थांबावं लागलं?" हे विचारा. उत्तर वीस मिनिटं आलं तर त्या हॉटेलातून रात्री साडेआठला अ‍ॅपवर मागवायचं नाही. तिथलं खावंसं वाटलंच तर यजमानांनी जाऊन आणावं, त्यांचा अर्धा तास पगारी नोकरीनंतरचा असतो.